आकडा बघून इम्पॅक्ट रेंच घेऊ नका
इम्पॅक्ट रेंच, म्हणजे ठोके देत नट फिरवणारं यंत्र, कसा निवडावा यावरच्या एका लेखात 'जास्तीत जास्त टॉर्कवाला (फिरवण्याचा जोर) घ्या' म्हटलंय, पण खोक्यावर मोठ्या अक्षरात असतो तो बहुतेक वेळा नट सोडवण्याचा टॉर्क. घट्ट करण्याचा त्याहून कमी असतो आणि तो बारीक अक्षरात शोधावा लागतो. साध्या कारचे चाकाचे नट साधारण १०० ते १४० न्यूटन-मीटरला आवळलेले असतात. गंजले की सुटायला दुप्पट-तिप्पट जोर मागतात. म्हणून अर्धा इंची ड्राइव्ह (सॉकेट बसतो तो चौकोनी दांडा) आणि खरोखरचे ३००-४०० न्यूटन-मीटर मिळाले तर घरच्या कामाला भरपूर. १८ आणि २० व्होल्टच्या वादात पडू नका. पाच सेलची तीच बॅटरी, २० हा फक्त पूर्ण चार्जचा आकडा. त्यापेक्षा ४ अँपिअर-अवरची (हे बॅटरीच्या साठ्याचं माप) बॅटरी बघा. छोटी बॅटरी लोडखाली दबते आणि रेंच नुसता खडखडतो.

वाचलेले पैसे काळ्या, सहा कोनी इम्पॅक्ट सॉकेटवर (नटावर बसणारी टोपी) घाला. चकचकीत क्रोमचा साधा सॉकेट तडकून तुकडा उडू शकतो. (चष्मा तरीही हवाच.) रेंच आणि सॉकेटच्या मध्ये लांब एक्स्टेंशन (जोडदांडा) लावलं की टॉर्क गळतो, हेही लक्षात ठेवा.

बसवताना मात्र नट आधी बोटांनी फिरवा. तिरका बसलेला नट रेंचने दामटला तर आटे गेलेच. शेवटचं आवळणं टॉर्क रेंचनेच, म्हणजे ठरवलेल्या टॉर्कलाच आवळता येणाऱ्या हाताच्या पान्याने.