मावशी, तुम्हाला आवडतो तो?

आज दुपारी इथे कॅनडात, ब्रॅम्प्टनमध्ये एका मैत्रिणीकडे आम्ही आठ-दहा जण जेवायला जमलो होतो. बोलता बोलता रसेल पीटर्सचा, त्या भारतीय वंशाच्या कॅनेडियन स्टँड-अप कॉमेडियनचा, विषय निघाला. मी म्हटलं, मला फार आवडतो. तिचा मुलगा विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. तो माझ्याकडे बघतच राहिला. "मावशी, तुम्हाला आवडतो तो? आपल्या आईबाबांचे उच्चार गोऱ्यांना विकून मोठा झाला तो." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गप्प बसले. घरी आल्यापासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

कुणाला विकले रे? २००७ मध्ये टोरंटोच्या एअर कॅनडा सेंटरमधल्या त्याच्या कार्यक्रमाची १६ हजारांवर तिकिटं दोन दिवसांत संपली होती. मी होते तिथे, पार वरच्या रांगेत. माझ्या एका बाजूला पंजाबी कुटुंब, आजीसकट. दुसऱ्या बाजूला फिलिपिनो नर्सेसचा घोळका. पुढे चिनी पोरं. ज्यांचे उच्चार तो काढत होता ती सगळी माणसं स्वतःच्या पैशांनी तिकीट काढून आली होती आणि आपली पाळी कधी येते याची वाट बघत होती. आपली आली की जास्त जोरात हसत होती.

आणि उच्चार विकणं म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे. २००६ ची गोष्ट. मी तेव्हा एका कंपनीत हिशोबाच्या कामाला होते. फोनवर 'व्हेंडर'चं 'वेंडर' झालं, आपलं सगळ्यांचंच होतं. जेवणाच्या सुट्टीत माझा सुपरवायझर लंचरूममध्ये मायक्रोवेव्हसमोर उभा राहिला आणि मान हलवत, पाच जणांसमोर, तो एकच शब्द चार-पाच वेळा म्हणून दाखवला. सगळे हसले. मीही हसले. तेवढ्यात माझा डबा गरम झाल्याचा आवाज आला, पण मला ते दार उघडवेना. आत मेथीची भाजी होती, तिचा वास सुटेल आणि अजून काहीतरी निघेल, एवढंच डोक्यात. सगळे गेल्यावर डबा काढला आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून गार झालेली भाजी-पोळी खाल्ली.

त्या हसण्यात आणि त्या स्टेडियममधल्या हसण्यात फरक नाही असं ज्याला वाटतं, त्याच्यावर तशी वेळ कधी आलेली नाही. 'द सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेतल्या अपू या भारतीय दुकानदाराचा आवाज १९९० पासून हँक अझारिया हा गोरा नट काढत होता, २०२० मध्ये थांबला. तो उच्चार माझ्या लंचरूममधला. पीटर्सचा उच्चार त्याच्या घरातला, त्याच्या वडिलांचा. ते वडील अँग्लो-इंडियन, भारतातून इकडे आलेले, मांस तपासणीच्या सरकारी नोकरीत. नाव इंग्रजी, धर्म ख्रिस्ती, रंग आपला. या पोराला शाळेत 'पाकी' ही आपल्यासारख्यांना देतात ती शिवी देऊन मारायचे, शेवटी तो बॉक्सिंग शिकला. इथले त्याला भारतीय म्हणून मारणार आणि आपले लोक विचारणार, रसेल पीटर्स नावाचा भारतीय कसा असेल? मग त्याने बोलायचं तरी कुणाच्या आवाजात? १९८९ पासून तो स्टेजवर उभा राहत होता. २००४ चा त्याचा टीव्हीवरचा कार्यक्रम कुणीतरी पुढे यूट्यूबवर टाकला आणि तो जगभर गेला. मधली पंधरा वर्षं छोट्या छोट्या क्लबांत काढली त्याने. तेव्हा उच्चार विकून कोण श्रीमंत होत होतं?

बरं, त्याचे काही विनोद आज ऐकवत नाहीत, बायकांवरचे तर मला तेव्हाही आवडले नव्हते. आणि तेच तेच करतो, हेही खरं. मान्य.

आता लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. त्या मुलाची चूक नाही. तो इथे जन्मला, त्याच्या उच्चाराला कुणी हसलं नाही. आईची टिंगल होऊ नये म्हणूनच तो चिडला असणार. चांगला पोरगा आहे. पण अरे, आपल्यावर हसणारे आणि आपल्याबरोबर हसणारे, दोघांना एका मापाने मोजू नकोस.

मला परत २००६ कडे, त्या लंचरूमच्या वर्षाकडे जायचंय. तेव्हा बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. मैत्रिणीने लिंक पाठवली होती, मी कॉम्प्युटरवर लावून दिली. बाबांना इंग्रजी अर्धंच कळत होतं. पण पीटर्स वडिलांचा आवाज काढून पोराला दम देऊ लागला, तसे बाबा खुर्चीत मागे रेलून, चष्मा काढून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. मग विचारलं, "हा कुणाचा मुलगा गं?" मी सांगितलं. म्हणाले, "बापाकडे नीट लक्ष दिलंय पोराने."

त्या रात्री मी पहिल्यांदा बाबांना लंचरूमची गोष्ट सांगितली. नवऱ्यालाही सांगितली नव्हती. 'वेंडर', मायक्रोवेव्ह, सगळं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डबा खाल्लास ना पण?"

खाल्ला म्हटलं, बाबा. गाडीत बसून खाल्ला.