नवीन कारखाना टाकताय? या, सगळ्या सोयी तयार आहेत!

औद्योगिक वसाहतीत प्लॉट मिळाला म्हणता? अभिनंदन! पेढे वाटा, पण आधी जनरेटरचे पैसे बाजूला काढा. आणि ते ब्रोशर आहे ना, '24 तास वीज, मुबलक पाणी, प्रशस्त रस्ते', ते फ्रेम करून रिसेप्शनला लावा. शॉपफ्लोअरवर नको, कामगार हसत बसतात, काम थांबतं.

आता वीज. पुण्याच्या बाजूला असाल तर सुट्टी गुरुवारी ठेवायची, तो वीज कंपनीचा मेंटेनन्सचा वार. गुरुवारी मेंटेनन्स आणि बाकीचे सहा दिवस त्या मेंटेनन्सचा निकाल. परवा मंगळवारी भर दुपारी लाईट गेली. आमचं प्लास्टिक मोल्डिंगचं काम, बॅरलमध्ये, म्हणजे मशीनच्या तापत्या नळीत, मटेरियल दोनशे डिग्रीच्या वर तापलेलं, ते तसंच अडकून आतल्या आत करपतं आणि मग दगड होतं. लाईट आली, बटण दाबलं, माल निघाला असं नसतं हो, आधी हीटर तापवा, मग जळकं मटेरियल पर्ज करा, म्हणजे ढकलून बाहेर काढा, त्याचे काळे-पिवळे लगदे जमिनीवर पडतात, वासाने डोकं उठतं, मग सेटिंगचे पहिले पीस भंगारात, आणि आता कुठे चांगला पीस निघतोय म्हणेपर्यंत परत गेली! वीज कंपनीत फोन केला तर 'साहेब साईटवर आहेत'. कुठली साईट ते साहेबांनाच माहीत. पावसाळ्यात झाडाची फांदी, उन्हाळ्यात लोड, थंडीत काय कारण देणार म्हणून मी खरंच उत्सुक आहे. आणि संध्याकाळी, सगळं आवरल्यावर, मोबाईलवर मेसेज, 'आज दुपारी आपल्या भागातील वीजपुरवठा बंद राहील'. धन्यवाद, कळलं आम्हाला!

जनरेटर लावा की मग! लिटरभर डिझेलमध्ये जेमतेम तीन-साडेतीन युनिट निघतात, डिझेल 90 च्या आसपास, म्हणजे युनिट पडलं 25-30 रुपयांना. आणि मंजूर केव्हीएचे, म्हणजे मंजूर वीजभाराचे, डिमांड चार्जेस बिलात आहेतच, तुमचं मशीन चाललं काय न चाललं काय.

पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतला खरा कामाला लागणारा हिस्सा, जपा. तुमचा. वीज कंपनीचा कोणी विचारत नाही.

पाणी येतं, टँकरने. बोअरचं जड पाणी, मोल्डच्या, म्हणजे साच्याच्या, कूलिंग लाईनीत क्षार धरतात, पीस थंड व्हायला वेळ लागतो, एकेका पीसचा सायकल टाइम वाढतो आणि कस्टमर विचारतो डिस्पॅच का लेट. त्याला टँकरवाल्याचा नंबर द्या.

सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र वसाहतीच्या नकाशात आहे. नकाशा सुंदर आहे.

रस्त्यावरचे दिवे दिवसा लागतात.

इंटरनेटची केबल पाईपलाईनवाले तोडतात, पाईपलाईन केबलवाले फोडतात, रस्ता दोघं मिळून.

टॅक्सचं टेन्शन घेऊ नका. वसाहतीचा सर्व्हिस चार्जही भरायचा आणि ग्रामपंचायतीचाही. खड्ड्याचं विचारायला गेलात की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात, तेवढी एकी मात्र आहे.

जाऊ दे, नाही होत आता गोड बोलणं. औद्योगिक विकासाचा कायदा या राज्यात 1961 सालचा आहे. साठ वर्षं उलटून गेली आणि वीज कंपनीवाल्यांनो, एक फीडर, वसाहतीला वीज आणणारी एक लाईन, धड चालवता येत नाही तुम्हाला? मोठी कंपनी आली की लगेच सबस्टेशन, स्वतंत्र लाईन, करार करतानाचे फोटो. आणि कर्ज काढून दोन मशीन टाकणारा, पंधरा-वीस घरं चालवणारा माणूस बिलाला दोन दिवस उशीर झाला की लगेच डिफॉल्टर! बिल तुमचं वेळेवर येतं, तेवढा मेसेज का हो वेळेवर येत नाही? शटडाऊन घ्यायचाच आहे तर आदल्या दिवशी कळवा, आम्ही बॅरल रिकामं करून हीटर बंद ठेवतो, शिफ्ट बदलतो, मटेरियल तरी वाचेल. एवढं साधं काम आहे. तेही जमत नसेल तर कशाचा पगार घेताय?