‘आम्ही काहीच चुकीचं केलं नव्हतं’: नोकियाच्या नावावर फिरणारा खोटा हुंदका

शाळेचा ग्रुप असो, सोसायटीचा असो की ऑफिसचा, हा मेसेज कुठून ना कुठून येऊन पडतोच. मायक्रोसॉफ्टने नोकिया विकत घेतली, त्या पत्रकार परिषदेत नोकियाचे सीईओ शेवटी म्हणाले, ‘आम्ही काहीच चुकीचं केलं नव्हतं, तरी आम्ही हरलो.’ एवढं बोलून त्यांना रडू कोसळलं, सगळी टीम रडली. पुढे बोध: नोकिया चांगली कंपनी होती, पण जग बदललं आणि ती बदलली नाही. म्हणून मित्रहो, रोज नवीन शिका, नाहीतर बाजूला फेकले जाल. खाली हात जोडलेले दोन-चार इमोजी.

वाचायला झकास आहे. फक्त त्यातलं जवळजवळ काहीच टिकत नाही.

आधी रडारड बघू. मेसेजमध्ये सीईओचं नाव कधीच नसतं, आणि ते का नसतं हे नाव घेतलं की कळतं. व्यवहार जाहीर झाला ३ सप्टेंबर २०१३ ला, फिनलंडमधल्या एस्पो इथे. तोवर सीईओ होते स्टीफन एलॉप. हे गृहस्थ २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टमधूनच नोकियात आले होते आणि या व्यवहाराबरोबर पुन्हा मायक्रोसॉफ्टमध्ये निघाले होते. जाताना त्यांना साधारण १ कोटी ८८ लाख युरो मिळणार हे बाहेर आलं, तेव्हा फिनलंडमध्ये गदारोळ झाला. त्यातली ७० टक्के रक्कम मायक्रोसॉफ्ट भरणार होती. हरलेल्या सेनापतीचं चित्र यात कुठे बसतं ते तुम्हीच ठरवा. हंगामी सीईओ म्हणून सूत्रं घेतली ती अध्यक्ष रिस्तो सीलास्मा यांनी. निर्णय जड गेला हे त्यांनी लपवलं नाही, पण त्यांचं म्हणणं रोखठोक होतं: या स्पर्धेत टिकायला लागणारा पैसा एकट्या नोकियाकडे नाही. मेसेजमधलं ते सुप्रसिद्ध वाक्य त्या दिवशीच्या अधिकृत निवेदनांत नाही. ते कुठून घेतलं हे मेसेजही कधी सांगत नाही.

आता ‘काहीच चुकीचं केलं नव्हतं’. इथे तर नोकियाचाच कागद मेसेजच्या विरोधात साक्ष देतो. फेब्रुवारी २०११ मध्ये एलॉपने कर्मचाऱ्यांना एक लांबलचक पत्र लिहिलं आणि ते लगेच फुटलं. समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटाला आग लागली आहे आणि कडेला उभ्या माणसाला जळायचं की थंडगार पाण्यात उडी मारायची हे ठरवायचं आहे, अशी त्याची सुरुवात. पुढे त्याने स्वच्छ लिहिलं होतं की या आगीत तेल आपणच ओतलं. आयफोन २००७ मध्ये आला आणि अजून त्याच्या जवळपास जाईल असा फोन आपल्याकडे नाही, आपण एकमेकांशी धड मिळून काम करत नाही, नेतृत्व आणि जबाबदारी दोन्हींत कमी पडलो. अडीच वर्षं आधी संपूर्ण कंपनीला चुकांची यादी वाचून दाखवणारा माणूस ‘आम्ही काहीच चुकीचं केलं नाही’ म्हणून हुंदके देईल, हे पटायला जरा जास्तच श्रद्धा लागते.

तिसरा मुद्दा सगळ्यांचा लाडका: नोकिया बदलली नाही. अहो, बदलणं हा तर या कंपनीचा खानदानी धंदा! १८६५ मध्ये फ्रेडरिक इडेस्टाम नावाच्या खाण अभियंत्याने तांपेरे इथे नदीकाठी लाकडाच्या लगद्याची गिरणी काढली. दुसरी गिरणी काढली नोकिया गावाजवळ, त्यावरून नाव. १९६७ मध्ये ही कंपनी, एक रबर कंपनी आणि एक केबल कंपनी एकत्र झाल्या. कागद, गमबूट, टायर, केबल, पुढे टीव्हीसुद्धा त्यांनी विकले. सोव्हिएत संघ कोसळल्यावर मोठं गिऱ्हाईक गेलं आणि कंपनी गाळात आली. तेव्हा १९९२ मध्ये सीईओ झालेल्या योर्मा ओलिलाने बाकीचे धंदे हळूहळू विकून सगळा जोर दूरसंचारावर लावला. त्याच्या आदल्या वर्षी, १ जुलै १९९१ ला, जगातला पहिला जीएसएम (डिजिटल मोबाइल तंत्रावरचा) कॉल फिनलंडमध्येच लागला होता. माजी पंतप्रधान हॅरी होल्केरी यांनी तांपेरेच्या उपमहापौर कारिना सुओनियो यांना लावलेला, आणि नेटवर्कच्या यंत्रणेत नोकियाचा मोठा हात होता.

बरं, ते जुनं झालं म्हणाल. पण खिशातल्या संगणकाची कल्पनाही नोकियाला नवीन नव्हती. पुस्तकासारखा उघडणारा, पूर्ण कीबोर्डचा ९००० कम्युनिकेटर १९९६ चा. टचस्क्रीनचा ७७१० हा २००४ चा. ७७० हा इंटरनेट टॅबलेट २००५ चा, आयपॅडच्या पाच वर्षं आधीचा. २०१० च्या जानेवारीत त्यांनी नेट नसतानाही चालणारं, वळणावळणाला बोलून रस्ता सांगणारं नेव्हिगेशन फुकट करून टाकलं. आपल्याकडचं उदाहरण घ्या. ‘नोकिया लाइफ टूल्स’ ही सेवा २००८ च्या अखेरीस जाहीर झाली आणि तिची चाचणी महाराष्ट्रातच, राज्य कृषी पणन मंडळाच्या मदतीने झाली. साध्या बटणाच्या फोनवर बाजारभाव आणि हवामान, तेही मराठीत मिळण्याची सोय! स्मार्टफोन गावात पोचायच्या कितीतरी आधी.

मग घोडं अडलं कुठे? अडलं ते सॉफ्टवेअरपाशी. सिम्बियन ही नोकियाच्या स्मार्टफोनमधली प्रणाली अपुऱ्या मेमरीच्या, बटणांच्या फोनसाठी घडवलेली. त्या काळी ती उत्तमच होती. पण बोटांनी सरकवायच्या पडद्यासाठी ती वाकवायची म्हणजे जुन्या वाड्याच्या भिंती पाडून लिफ्ट बसवण्यातला प्रकार. २००९ चा एन ९७ ज्यांनी हौसेने घेतला त्यांना हे सांगायला नको. ३२ जीबी जागा असलेला महागडा फोन, पण प्रणालीसाठी ठेवलेली मेमरी इतकी तुटपुंजी की चार अ‍ॅप टाकली की ‘मेमरी भरली’ म्हणून तक्रार सुरू. पडदा बोटाच्या हलक्या स्पर्शाला दाद द्यायचा नाही, दाबावं लागायचं. हार्डवेअर दणकट, आत सगळी रखडपट्टी.

हे आतल्या लोकांना कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. टिमो वुओरी आणि क्वी हुय या दोन संशोधकांनी नोकियातल्या वरिष्ठ आणि मधल्या फळीतल्या लोकांच्या मुलाखती घेऊन २०१६ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याचा मथितार्थ भीती असा आहे. वरच्यांना बाजाराची आणि गुंतवणूकदारांची भीती, मधल्यांना वरच्यांच्या संतापाची. त्यामुळे ‘हे वेळेत होणार नाही’ असं तोंडावर कुणी बोलेना. वर जायची ती गोड गोड बातमी. आपल्याकडच्या कुठल्याही कार्यालयात बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये.

यानंतरचा भाग मेसेजमधून साफ गायब असतो आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २०१० मध्ये, म्हणजे आयफोन येऊन तीन वर्षं झाल्यावरही, नोकियाने सुमारे १० कोटी स्मार्टफोन विकले होते. घसरण चालू होती, कडेलोट झाला नव्हता. ११ फेब्रुवारी २०११ ला एलॉपने जाहीर केलं की यापुढे आपले स्मार्टफोन मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज फोन’ या प्रणालीवर चालतील. म्हणजे दुकानात मांडलेल्या सगळ्या सिम्बियन फोनांवर मालकानेच ‘हा माल आता बंद होणार’ अशी पाटी लावली. आणि नवा माल? नव्या प्रणालीवरचे पहिले फोन, म्हणजे ल्युमिया, दुकानात यायला त्याच वर्षाची अखेर उजाडली. मधल्या काळात गिऱ्हाईक कशाला थांबेल?

तेवढ्यात, जून २०११ मध्ये, मीगो या वेगळ्या प्रणालीवरचा नोकियाचा एन ९ जाहीर झाला. समोर एकही बटण नाही, सगळं बोट सरकवून. त्याचं परीक्षकांनी तोंड भरून कौतुक केलं. पण हा कितीही चालला तरी आम्ही मीगोकडे परत वळणार नाही, असं एलॉपने आधीच सांगून ठेवलं, आणि अमेरिका, ब्रिटन, जर्मनी या बाजारांत तो अधिकृतपणे उतरवलाच नाही. पुढच्या वर्षी आणखी कमाल. ल्युमिया ९०० अमेरिकेत एप्रिल २०१२ मध्ये वाजतगाजत आला आणि जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की जुन्या विंडोज फोनना नवी आवृत्ती मिळणार नाही. दोन महिन्यांपूर्वी फोन घेतलेला माणूस वाऱ्यावर. हे निर्णय नाव असलेल्या माणसांनी, तारीखवार घेतले. त्याला ‘जग बदललं’ म्हणणं ही सोयीची पळवाट आहे.

‘नोकियाने गर्वापोटी गूगलचं अँड्रॉइड नाकारलं’ असंही म्हटलं जातं; तेही अर्धवटच. गूगलशी बोलणी झाली होती. एलॉपने पुढे सांगितलेलं कारण असं की अँड्रॉइडच्या गर्दीत एकच कंपनी बाकीच्यांना गिळेल अशी धास्ती होती. सॅमसंगने पुढे तेच केलं, म्हणजे अंदाज बरोबर होता. शिवाय मायक्रोसॉफ्टकडून दर तिमाहीला २५ कोटी डॉलर येत होते. हा हिशेब चुकला असं मी म्हणेन. पण तो हिशेब होता, नुसता तोरा नव्हे.

आता ‘नोकिया विकली गेली, संपली’. विकला गेला तो फोनचा धंदा, ५४४ कोटी युरोंना. त्यातले १६५ कोटी पेटंट वापरण्याच्या परवान्याचे, आणि पेटंट राहिली नोकियाकडेच. त्याच वर्षी नोकियाने दोघांच्या भागीदारीतल्या नेटवर्क कंपनीतला सीमेन्सचा हिस्सा १७० कोटी युरोंना घेऊन नेटवर्कचा धंदा पूर्ण आपल्या ताब्यात आणला. मग अल्काटेल-लुसेंट ही दूरसंचार यंत्रणा बनवणारी कंपनी गिळली, तिच्याबरोबर ट्रान्झिस्टर जिथे जन्मला ती बेल लॅब्ज ही प्रयोगशाळा आली. आज एअरटेल आणि जिओ या दोघींच्याही ५जी साठी यंत्रणा पुरवणाऱ्यांत नोकिया आहे. पेटंटच्या वादावर २०११ मध्ये झालेल्या समझोत्यानुसार अ‍ॅपलने पेटंटपोटी नोकियाला पैसे मोजले. रडायची पाळी आली ती मायक्रोसॉफ्टवर: जुलै २०१५ मध्ये या खरेदीपोटी ७६० कोटी डॉलर बुडीत खाती टाकावे लागले. दुकानात आज नोकिया नावाचा बटणांचा फोन दिसतो तो एचएमडी या वेगळ्या कंपनीचा, नाव भाड्याने घेतलेलं.

उरला बोध: नवीन शिका, नाहीतर फेकले जाल. ग्रुपवर हा बोध बहुधा वरच्या खुर्चीतून खाली येतो, म्हणून तो तपासायला हवा. फेकले कोण गेले? मायक्रोसॉफ्टने जुलै २०१४ मध्ये १८,००० नोकऱ्या कापल्या, त्यातल्या सुमारे १२,५०० नोकियातून आलेल्यांच्या. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरचा कारखाना २००६ पासून चालू होता, हजारो तरुण मुलंमुली तिथे कामाला. २०१३ मध्ये प्राप्तिकर खात्याने दोन हजार कोटी रुपयांच्या वर मागणी काढली, मालमत्ता गोठली, कारखाना मायक्रोसॉफ्टच्या व्यवहारातून वगळावा लागला आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून तिथलं उत्पादन थांबलं. त्या मुलींनी आणखी काय शिकायला हवं होतं, करकायदा? पुढे २०१९ मध्ये तोच कारखाना साल्कॉम्प या कंपनीने घेतला. ती अ‍ॅपलसाठी चार्जर बनवते.