सपाट रस्ता आणि बँकर

"अगं रेल्वेचा रस्ता आहे, चढ असणारच कसा?" एवढ्या एका वाक्यावर मी फसले. पिट्सबर्गहून दीडेक तासावर ओहायोपाइल, तिथून कॉन्फ्लुअन्स गावापर्यंत यॉकगेनी नदीच्या काठाने ११ मैल सायकल ट्रेल. १९१२ साली इथून वेस्टर्न मेरीलँड रेल्वे धावायला लागली, १९७५ ला बंद पडली, मग रूळ काढून बारीक खडी टाकली आणि १९८६ ला ट्रेलचा पहिला तुकडा इथेच सुरू झाला, आता ती पिट्सबर्गपासून पार कंबरलंडपर्यंत १५० मैल आहे वगैरे सगळं नवऱ्याने गाडीतच ऐकवलं. परत यायचे पण ११ असतात हे मात्र बोलला नाही.

पहिला मैल झकास. गर्द सावली, खाली नदी, मी चक्क गुणगुणत होते. तिसऱ्या मैलाला मांड्या बोलायला लागल्या. समोर बघावं तर रस्ता टेबलासारखा सपाट आणि पाय म्हणतायत सिंहगड चढतोय. दोनदा उतरून टायर दाबून बघितला, कडक होता. तेवढ्यात मागून "ऑन युअर लेफ्ट" (म्हणजे तुमच्या डावीकडून पुढे जातोय) अशी आरोळी आली, मला वाटलं डावीकडे व्हा म्हणतायत, म्हणून मी इमानदारीत डावीकडे वळले, सत्तरीच्या आजीबाई थोडक्यात वाचल्या, वर सॉरी पण त्याच म्हणाल्या.

मग राफ्टवाले दिसले. वल्ही मांडीवर ठेवून निवांत, समोरून आमच्याकडे वाहत येत होते. माझी ट्यूब पेटली, पाणी तिकडून येतंय म्हणजे आपण वर चाललोय!

"मैलाला दहाएक फूट असेल, त्याला काय चढ म्हणतात?"

अरे मी कर्जतची! आमच्या भोर घाटात ३७ फुटांना १ फूट चढ, तर तिथे अख्ख्या गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात ढकलायला. म्हटलं मलाही बँकर लाव. बिचारा खरंच उतरला, एक हात माझ्या सीटला लावून शंभरेक पावलं धावला, मग गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. पलीकडच्या काठावरून तेवढ्यात एक लांबलचक मालगाडी आरामात गेली. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या.

परतीला सायकल जरा मऊ चालली, तर लगेच, "बघ, अर्ध्या दिवसात किती स्टॅमिना आला तुला!" घरी येऊन त्याने हेच माझ्या आईलाही फोनवर सांगितलं. मी शेजारी उभ्यानेच ऐकलं, बसायची सोय नव्हती.