बॅटरी बदलूनही अलार्म वाजतोय? सायरनची वायर तोडू नका

नमस्कार दादा,

तुमची तक्रार अशी : गाडीचा अलार्म उगाच का वाजतो, यावरच्या माझ्या लेखात मी बॅटरीला पहिला नंबर दिला, तुम्ही नवी बॅटरी घातली, तरी पाऊस झाला की पहाटे तीन-चारला अलार्म वाजतोच. शेवटी उद्यमनगरातल्या वायरमननं सायरनची वायर काढली आणि पाच मिनिटांत विषय संपला. मग एवढं लांबलचक लिहायचं कशाला?

बॅटरीबाबत चूक माझी. ‘मोजल्याशिवाय बदलू नका’ हे वाक्य लेखात सगळ्यात वर हवं होतं. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी स्टार्ट करायच्या आधी बॅटरीला मल्टीमीटर (व्होल्ट, ओहम मोजणारं मीटर) लावा. बॉनेट उघडून पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, मग मोजा. 12.6 व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे साधारण निम्मी. 12.0 च्या खाली असेल तरच बॅटरीवर संशय घ्या.

वायर काढणं मात्र मला पटलेलं नाही. आवाज बंद झाला, बिघाड जागेवरच आहे. उद्या खरंच कुणी दार उघडलं तरी गाडी गप्प राहणार. शिवाय काढलेलं टोक उघडं सोडलं असेल तर ते बॉडीला टेकून फ्यूज उडतो, नाहीतर अलार्मच्या मॉड्यूलचं (कंट्रोलच्या डबीचं) आउटपुट जळतं. आज निदान त्यावर टेप तरी गुंडाळा.

खरी खूण तुम्हीच दिली आहे : पाऊस आणि पहाट. बाहेरून बसवलेल्या बहुतेक अलार्मना बॉनेटखाली प्लंजर स्विच असतो. बॉनेट बंद असताना प्लंजर दाबलेला आणि सर्किट तुटलेलं. बॉनेट उघडलं की स्प्रिंग प्लंजर वर ढकलते, वायरला अर्थ (म्हणजे गाडीच्या बॉडीशी जोडणी, अर्थिंग) मिळतो आणि मॉड्यूल सायरन वाजवतं. आता या स्विचमध्ये पाणी आणि गगनबावड्याच्या रस्त्यावरचा लाल चिखल गेला, की बंद बॉनेटमध्येही थोडा अर्थ गळतो. दिवसा इंजिनच्या उष्णतेनं ओल सुकते, म्हणून गॅरेजमध्ये गाडी शहाण्यासारखी वागते. पहाटे दव धरतं आणि मॉड्यूलला वाटतं, बॉनेट उघडलं.

तपासणी अशी करा. स्विचचा कनेक्टर काढा आणि स्विचची पिन ते बॉडी असा ओहम मोजा. प्लंजर पूर्ण दाबलेला असताना मीटरनं सर्किट तुटलेलं (बहुतेक मीटरवर ‘OL’) दाखवायला हवं, शून्य नव्हे. काही शे किंवा काही हजार ओहम दिसले तर स्विच गेला. मग कनेक्टर काढूनच दोन पावसाळी रात्री गाडी लॉक करा. शांत राहिली तर दोषी सापडला. (कंपनीतून आलेल्या काही अलार्ममध्ये उलटं असतं, कनेक्टर काढला की बॉनेट उघडं समजलं जातं. तिथं ही युक्ती चालत नाही.)

नवा स्विच घालताना वायरचं टोकही बघा. तांबं हिरवं पडलं असेल तर ते इन्सुलेशनच्या आत बरंच पुढं गेलेलं असतं. चकचकीत तांबं लागेपर्यंत मागं कापा, सोल्डर करा, वर हीट-श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) घाला. नुसती टेप पुढच्या पावसाळ्यात सुटते. बॉनेटचे रबरी बफर झिजले असतील तर प्लंजर अर्धवटच दाबला जातो. तेही नक्की बघा, कारण तिथं नवा स्विचसुद्धा फसतो.

स्विच चांगला निघाला तर दारांकडे वळा. रूम लॅम्प ‘डोअर’वर ठेवा, दारं आणि डिकी बंद करून एकेक हलवून बघा. दिवा लुकलुकला की त्या दाराचं लॅच (दार अडकवणारी कडी) दोषी. डिकीच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायर तुटलेली असू शकते.

शॉक सेन्सर (धक्का किंवा कंप ओळखणारा) तुमच्या बाबतीत मला संभवत नाही. गणपतीत डॉल्बी जाताना किंवा उसाचा ट्रॅक्टर जाताना वाजत असेल तर तो. त्याचा स्क्रू पाव-पाव फेरा कमी करत जा, एकदम शेवटपर्यंत नको.

आणखी एक : बऱ्याच अलार्ममध्ये, वाजून गेल्यावर लॉक उघडलं की डॅशबोर्डवरचा एलईडी ठरावीक वेळा लुकलुकतो. कुठून ट्रिगर आला ते त्यात कळतं, अर्थ पुस्तिकेत असतो. सायरनची वायर परत जोडून घ्या आणि पुढच्या वेळी वाजला की तो आकडा इथं लिहा. सोबत मीटरचं रीडिंगही द्या, मग पुढचं बघू.