आयबॅन दिला म्हणून खाते रिकामे होत नाही

जर्मनीत शिकणाऱ्या मराठी मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहांत एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे: आयबॅन, म्हणजे तुमच्या बँक खात्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, कळला की कोणीही तुमच्या खात्यातून पैसे काढू शकतो, गेलेले पैसे परत मिळत नाहीत, वसुली थांबवायची तर खाते बंद करण्यावाचून मार्ग नाही, आणि तिथे जर्मन बँकेशिवाय दुसरे खाते चालतच नाही. आखेनला शिकणाऱ्या माझ्या भाचीने हे वाचून खाते बंद करण्याचा अर्ज भरायला घेतला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

पहिल्या मुद्द्यात तथ्याचा अंश आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. सेपा ही युरोमधील देवघेवीची सामाईक युरोपीय व्यवस्था आहे. तिच्यातल्या थेट वसुलीत, म्हणजे जर्मन भाषेतल्या लास्टश्रिफ्टमध्ये, संस्था ग्राहकाच्या खात्यातून रक्कम स्वतःच वळती करून घेते. ग्राहकाचे संमतिपत्र वसुली करणाऱ्या संस्थेकडे राहते आणि ग्राहकाची बँक ते तपासत नाही. आपल्याकडे नाच (NACH) या हप्तेवसुलीच्या व्यवस्थेत मँडेट, म्हणजे संमतिपत्र, आधी आपल्या बँकेकडे नोंदले जात असल्याने हे ऐकून धसका बसणे स्वाभाविक आहे. परंतु ‘कोणीही’ हे साफ खोटे आहे, कारण वसुली करणाऱ्याला स्वतःच्या बँकेशी करार करावा लागतो आणि ओळख क्रमांक घ्यावा लागतो, जो जर्मनीत तिथली मध्यवर्ती बँक बुंडेसबँक देते.

खरा संताप येतो तो ‘पैसे परत मिळत नाहीत’ या विधानाचा, कारण या व्यवस्थेत ग्राहकाला दिलेले सर्वांत मोठे संरक्षण नेमके हेच आहे. युरोपीय संघाच्या 2015 च्या पेमेंट सेवा निर्देशानुसार युरोमधील अशी वसुली 8 आठवड्यांच्या आत, कोणतेही कारण न देता, परत मागता येते. संमतीच दिलेली नसेल तर ही मुदत 13 महिन्यांची आहे. भाचीच्या व्यायामशाळेने सदस्यत्व संपल्यावरही एक हप्ता वळता करून घेतला होता. मी तिला फोनवरच बँकेच्या अ‍ॅपमधली ती नोंद उघडायला सांगितली. नोंदीत व्यायामशाळेचे नाव, डीई (DE) या जर्मनीच्या अक्षरांनी सुरू होणारा तिचा ओळख क्रमांक आणि संमतिपत्राचा क्रमांक होता. खाली वसुली परत करण्याचे बटण होते. दुसऱ्या दिवशी रक्कम खात्यात जमा झाली. मात्र रक्कम परत घेतल्याने खरे देणे फिटत नाही, हेही नीट लक्षात ठेवावे: भाडे किंवा आरोग्य विम्याचा रास्त हप्ता असा परत घेतला, तर थकबाकी कायम राहते आणि वर परतीचा खर्चही मागितला जातो.

खाते बंद करण्याचा सल्ला तर घातक आहे. तिचे भाडे आणि विमा दोन्ही त्याच खात्यातून जातात. खाते बंद होताच दोन्ही वसुल्या परत गेल्या असत्या. युरोपीय संघाच्या 2012 च्या 260 क्रमांकाच्या नियमावलीतील पाचव्या कलमाने ग्राहकाला आपल्या बँकेकडून वसुलीच्या रकमेवर वा वारंवारतेवर मर्यादा घालून घेण्याचा, ठरावीक संस्थेला रोखण्याचा किंवा केवळ ठरावीक संस्थांनाच मुभा देण्याचा हक्क दिला आहे.

राहिला जर्मन खात्याचा मुद्दा. त्याच नियमावलीच्या नवव्या कलमानुसार थेट वसुलीसाठी खाते अमुकच सदस्य देशात असावे, अशी अट संस्थेला घालता येत नाही. नेदरलँड्समध्ये उघडलेले खाते जर्मनीतल्या वसुलीला चालते. पुण्यातले चालत नाही, कारण भारत सेपामध्ये नाही.