दुसरी सीडीच का अडकते?

काल रविवार. आई कधी नव्हे ते आपणहून म्हणाली, "तो जुना ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर लाव रे." मी खूश! दीडशेच्या वर ओरिजिनल सीड्या कपाटात जपून ठेवल्यात, त्या याच दिवसासाठी ना? इंटरव्हल झाला, दुसरी सीडी घातली, नायिका दार उघडते आणि... चौकोन. हिरवे-जांभळे चौकोन. मग आवाज पुढे, चित्र मागे. मग ठप्प.

डोकंच सटकलं माझं.

अहो, पैसे मोजलेत मी! 2007 च्या आसपास मोझर बेअर कंपनीने 28 रुपयांत व्हीसीडी (म्हणजे याच पिक्चरच्या सीड्या) आणि 34 रुपयांत डीव्हीडी आणली, तेव्हा पगार बेताचा होता, तरी दर महिन्याला चार-पाच घ्यायचोच. ऑफिसातले हसायचे, फूटपाथवर डुप्लिकेट मिळते की म्हणून. मी आपला हरिश्चंद्राचा अवतार. आता ते मजेत आहेत आणि मी सीडीवर फुंकर मारतोय.

आणि मिळालं काय होतं? व्हीसीडीचं चित्र 352 बाय 288 ठिपक्यांचं, म्हणजे आजच्या 43 इंची टीव्हीवर नायकाचं नाक कुठे संपतं आणि मिशी कुठे सुरू होते ते देवालाच ठाऊक. कोपऱ्यात कंपनीचा लोगो, अखंड, मरणाच्या प्रसंगातसुद्धा. गाणी कापलेली. ती का कापतात? जुना पिक्चर लोक गाण्यांसाठीच घेतात ना! त्यात एका कंपनीची 'थ्री इन वन' डीव्हीडी. तीन अख्खे पिक्चर 4.7 जीबीत कोंबलेले! विरारच्या लोकलमध्येसुद्धा याहून मोकळं उभं राहता येतं.

बरं, प्लेअर तरी धड लागावा? प्लेअरला लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना, नव्या टीव्हीला ती भोकंच नाहीत. मग कन्व्हर्टर आणा. लॅपटॉपला ट्रे नाही, बाहेरून लावायचा ड्राइव्ह आणा. 28 रुपयांच्या पिक्चरवर हा वरखर्च! (बायकोने हिशेब मागितलेला नाही. अजून.)

"ऑनलाइन बघ ना," म्हणे भाचा. बघितलं, बाबा. एका ॲपवर मागच्या दिवाळीत होता, आता गायब. दुसऱ्यावर मराठीच्या नावाखाली तेच ते वीस पिक्चर. फुकटात सापडला तो कुणीतरी टीव्हीवरून उचललेला, आडवा ताणलेला. बारीक अंगाची नायिका त्यात पोळपाटासारखी दिसते. नवी डीव्हीडी घ्यायला निघालो, तर ज्या दुकानातून घ्यायचो तिथे आता मोबाइलची कव्हरं लटकतायत. दुकानदार म्हणतो, "सीडी? काका, कुठल्या जमान्यात आहात?"

अरे, पैसे द्यायला तयार असलेल्या माणसाला पिक्चर विकत मिळत नाही, हा कुठला धंदा?

तोवर आईने पुढची गोष्ट तोंडपाठ सांगून टाकली, गाण्यासकट, आणि झोपायला गेली. जाता जाता म्हणाली, पुढच्या रविवारी परत लाव.

दुसरी सीडी आत्ता टूथपेस्ट चोळून, धुऊन, पंख्याखाली ठेवलीय.